उतारी (गंजिफा)

गंजिफा या पत्त्यांच्या जुन्या खेळाच्या डावात पहिले पान टाकण्याचा हक्क. कोकणात या खेळाचे मुख्य ठाणे सावंतवाडी. तिथल्या दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग असतात, प्रत्येकात राजा, प्रधान आणि दहा साधी पाने, म्हणजे एकूण 120. तीन खेळाडूंना 40-40 पाने मिळतात.

दिवसा रामाचा राजा हाती असलेला आणि रात्री कृष्णाचा राजा असलेला खेळाडू डाव उघडतो. रंगात बाहेर उरलेल्यांपैकी सर्वांत वरचे पान म्हणजे हुकूम. ते हमखास हात जिंकते आणि उतारी आपल्याकडेच राहते. त्यामुळे कोणते पान गेले हे लक्षात ठेवणे हीच या खेळाची खरी विद्या. निम्म्या रंगांत दश्शी वरचढ, निम्म्यांत एक्का. नवखा इथेच फसतो.

1993 मध्ये आलेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’सारख्या पत्त्यांच्या खेळांत डावावरची हीच पकड टेंपो डेकमधून, म्हणजे वेगावर बेतलेल्या पानांच्या संचातून, मिळवतात: स्वस्तात लवकर उतरणारे हल्लेखोर आणि प्रतिस्पर्ध्याची चाल एक फेरी लांबवणारी पाने. स्पर्धेसाठी असा संच निवडताना भारी पानांचा मोह टाळावा लागतो; सुरुवातीचे दडपण टिकले नाही तर तो लवकर दमतो. गंजिफात मात्र संच निवडता येत नाही, वाट्याला आलेल्या पानांतूनच वेग काढावा लागतो, आणि म्हणून हा खेळ अधिक कठीण वाटतो.

गंजिफाची पाने रंगवणारी सावंतवाडीची चितारी कला मावळत असताना तिथल्या राजघराण्यातील शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात तिला पुन्हा उभे केले.