काळी बुरशी काळी नव्हतीच

२०२१चा मे महिना आठवतोय? माणूस कोविडमधून बरा होऊन घरी यायचा आणि काही दिवसांत नाक बंद, डोळ्याखाली सूज, टाळूवर काळा डाग. व्हॉट्सॲपवर एकच विचारणा फिरत होती: ॲम्फोटेरिसिन-बी कुठे मिळेल का?

'काळी बुरशी' हे नाव तेव्हा घरोघरी पोचलं. पण ही बुरशी काळी नाहीच. ती रक्तवाहिन्यांत घुसते, रक्तपुरवठा तुटतो, आणि काळं दिसतं ते मेलेलं मांस. आजाराचं नाव म्युकरमायकोसिस. नवा अजिबात नाही. अर्नोल्ड पाल्टॉफ यांनी १८८५ सालीच माणसातली केस लिहून ठेवली होती. यातली नेहमीची गुन्हेगार रायझोपस, जी शिळ्या पावावरही उगवते. तिचे बीजाणू आपल्या श्वासातून सतत आत जातात. मग बहुतेकांना काहीच होत नाही, आणि साखर वाढलेल्यालाच ती का धरते?

पहिला धागा भलत्याच ठिकाणी सापडला. १९८०च्या दशकात डायलिसिसवरच्या काही रुग्णांना डेफेरॉक्सामाइन देत. त्यांच्यात हा आजार दिसू लागला. हे औषध लोह पकडून ठेवतं, म्हणजे बुरशीची उपासमार व्हायला हवी ना? झालं उलटंच. रायझोपस त्या औषधाकडूनच लोह हिसकावून घेत होती! मधुमेह हाताबाहेर जाऊन रक्त आम्लधर्मी झालं, की प्रथिनांनी धरलेलं लोह सुटतं. म्हणजे हिच्यासाठी ताट वाढलेलंच.

२००९ साली रायझोपसचा जीनोम वाचला गेला. नमुना होता याच आजाराने दगावलेल्या एका रुग्णाकडून मिळालेला. कधीकाळी हिचा अख्खा जीनोमच दुप्पट झाला होता, असं त्यात दिसलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत अश्रफ इब्राहिम यांच्या गटाने लोह आत ओढणारं एफटीआर-१ हे जनुक तपासलं. ते पूर्ण काढूनच टाकता येईना, कारण या बुरशीच्या एकेका पेशीत अनेक केंद्रकं असतात; एकातून काढलं तरी दुसऱ्यात शिल्लक. पण नुसतं कमी केलं तरी उंदरांमध्ये बुरशीचा जोर ओसरला.

खरी गंमत पुढे आहे. आपल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशींवर जीआरपी-७८ नावाचं प्रथिन असतं. साखर आणि लोह वाढलं की तेही वाढतं. बुरशी नेमकं त्यालाच पकडते. कशाने? २०१४ साली उत्तर आलं: कॉट-एच नावाच्या प्रथिनाने. त्याचं जनुक ॲस्परजिलसमध्ये नाही, कँडिडामध्येही नाही. कॉट-एचविरुद्धच्या प्रतिपिंडांनी आजारी उंदीर वाचवूनही दाखवले.

मग कोविड आला. स्टेरॉइड्सनी साखर चढली, आणि महाराष्ट्रात, गुजरातेत वॉर्ड भरले. कुलूप-किल्ली सात वर्षांपूर्वीच कळली होती, पण त्यावरचं औषध अजून प्रयोगशाळेतच होतं. नातेवाईक रांगेत उभे होते ते ॲम्फोटेरिसिन-बीसाठी, जे १९५०च्या दशकात व्हेनेझुएलाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालं होतं.