तुम्ही, वाकॉच्या वकिलाच्या ज्यूरीत

सांभाळून उतरा. आगगाडीची पायरी उंच आहे, फलाट म्हणजे नुसत्या फळ्या आणि हात धरायला कुणी हमाल नाही. मोबाइल खिशातच राहू द्या. त्याला इथे रेंज मिळायला अजून बरीच दशकं आहेत. 1919 चा जुलै चालू आहे. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातलं हे गाव वाकॉ, वस्ती जेमतेम चारशे.

पहिल्यांदा ऊन लागेल. ते फक्त डोक्यावर पडत नाही, चारही बाजूंनी अंगावर येतं, कारण त्याला अडवायला क्षितिजापर्यंत काही नाही. रुळांलगतची धान्याची उंच लाकडी कोठारं तेवढी उभी आहेत. त्यांच्या सावलीत थोडं थांबा आणि वास घ्या: घोड्यांची लीद, कोळशाचा धूर, तापलेल्या फळ्यांतून पाझरणारी राळ. गावाजवळच तळं आहे, त्यामुळे संध्याकाळी डास येतील. त्यांना हाकलायला लोक ओलं गवत धुमसत ठेवतात. डोळे चोळत बसाल, पण चावे वाचतील.

आता दुकानात शिरा. रॉकेल, खारवलेलं डुकराचं मांस, कॉफी, चामड्याचे लगाम, सगळ्याचा मिळून एकच वास. गल्ल्यापाशी ईटन कंपनीचा जाडजूड कॅटलॉग पडलाय. त्यातून शेगडीपासून लग्नाच्या पोशाखापर्यंत काहीही मागवता येतं. कान द्या. डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका युक्रेनियनमध्ये भाव करतायत, मागे कुणी हंगेरियन बोलतंय, दारात फ्रेंच, रस्त्यावर जर्मन आणि पोलिश. गावाबाहेर युक्रेनियन शेतकऱ्यांची मातीने लिंपलेली, चुन्याने रंगवलेली घरं आहेत. त्यांच्या परसातून ओळखीचा वास येईल. हो, शेपूच. फक्त इथे त्याची भाजी नाही, काकडीचं लोणचं होतं.

रस्त्याच्या कडेला नव्या लाकडाची दोन खोल्यांची टपरी दिसते? तिथेच जायचंय. आत एक तरुण वकील बसलाय. वय तेवीस, अंगाने काटकुळा, केस कुरळे, आणि या उकाड्यातही वेस्टकोटाची सगळी बटणं लावलेली. नाव जॉन डीफेनबेकर. गावात कुणी त्याला भाड्याने जागा देईना, म्हणून मोकळ्या भूखंडावर त्याने ही टपरी उभी केली. बाहेरच्या माणसाला वाकॉ सहजासहजी आत घेत नाही. नुकतंच जर्मनीशी युद्ध संपलंय आणि याचं आडनाव ऐकताच लोकांच्या भुवया वर जातात. तो स्वतः कॅनडाच्या सैन्यातून इंग्लंडपर्यंत जाऊन आलाय, पण ते आडनावावर लिहिलेलं नसतं.

बाकावर बसा. समोरच्या शेतकऱ्याच्या बुटांना चिखल चिकटलाय, टोपी गुडघ्यावर आहे, आणि त्याचं बोलणं दुभाष्यातून येतंय. प्रत्येक वाक्य दोनदा ऐकावं लागतं, त्यामुळे वेळ लागतो. वकील घाई करत नाही. त्याचे निळे डोळे दुभाष्याकडे वळतच नाहीत, शेतकऱ्यावर रोखलेले राहतात. भाषा कळत नसताना माणसाच्या चेहऱ्यावरून त्याचं म्हणणं वाचायची सवय त्याला इथे लागतेय. तुमच्याकडे पाहील तेव्हा तुम्हालाही आपण काहीतरी लपवतोय असं वाटेल.

आता शरद ऋतूत चला. मळणी जोरात आहे. वाफेचं इंजिन धडधडतंय, लांब पट्टा फडफडतोय, हवेत भुसा आहे. मानेवर, कॉलरखाली, दातांतसुद्धा. अंगाला खाज सुटलेली असतानाच तुम्हाला कोर्टाचं बोलावणं येतं. वाचक स्त्री असेल तर आजोबांचा कोट चढवा, कारण या ज्यूरीत बायकांना बसवत नाहीत. इंग्रजी सिनेमातले बारा जणही शोधू नका. सस्कॅचवानात सहाच जण निकाल देतात, आणि त्या सहांत आज तुम्ही आहात.

खोलीत ओल्या लोकरीचा आणि पाइपच्या तंबाखूचा दर्प आहे. बाक अरुंद, शेजाऱ्याचा कोपर तुमच्या बरगडीत. आरोप असा की शेतकऱ्याने बेपर्वाईने बंदूक चालवून माणसाला जखमी केलं. ज्यूरीसमोर उभं राहायची आपल्या वकिलाची ही पहिलीच वेळ. तो उठतो आणि भाषण ठोकत नाही. आवाज इतका खाली आणतो की तुम्हाला पुढे झुकावं लागतं. मग एकदम वर नेतो आणि तुमची पाठ बाकाला टेकते. तर्जनी हवेत थांबते, आणि ती आपल्याकडेच वळलीय असं सहाही जणांना वाटतं. तुम्ही बंद खोलीत जाता, पाइप पेटतात, थोडी घासाघीस होते. निर्दोष. पोरगा नवा होता म्हणून तुम्ही दया दाखवलीत, असं तो पुढे आयुष्यभर रंगवून सांगणार आहे. सांगू दे. गोष्ट सांगणं हाच त्याचा धंदा आहे.

आता लांब उडी घ्यायचीय, पण वरून थोडं खाली बघा. प्रिन्स अल्बर्ट शहरात हाच माणूस निवडणुकीला उभा राहतोय आणि पडतोय. 1925, 1926, 1929. 1933 मध्ये तिथेच महापौरपदालाही पडला, आणि 1938 मध्ये दुसऱ्या मतदारसंघातून विधानसभेला. दिवसा लोकांचे खटले जिंकायचे आणि मतदानाला स्वतःचा हरायचा. अखेर 1940 मध्ये तो ओटावाच्या संसदेत पोहोचतो.

उतरा. कानटोपी घाला. 12 फेब्रुवारी 1958, विनिपेग. नाकातले केस गोठतील अशी थंडी आहे आणि सभागृहाबाहेर माणसांचा लोंढा. हा वकील आता पंतप्रधान आहे आणि आज प्रचाराचा नारळ फोडतोय. सभागृह भरलं म्हणून दारं बंद केली होती. गर्दीने ती तोडली. तुम्ही चालत नाही, वाहून आत जाता. आत घाम, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारे फरचे कोट, सिगारेटचा धूर, वितळलेल्या बर्फाने चिकचिकणारी फरशी. कुणाचा तरी रबरी बूट तुमच्या पायावर आहे आणि तो काढून घ्यायला त्याच्याकडे जागा नाही.

तो बोलू लागतो. केस पांढरे झालेत, गाल थरथरतात, पण आवाज खाली आणायची ती युक्ती तुम्ही ओळखता. हजारो माणसं एकदम पुढे झुकतात. तो उत्तरेकडच्या कॅनडाबद्दल सांगतोय, बर्फाळ प्रदेशात जाणारे रस्ते, जमिनीखाली पडून असलेली संपत्ती. कोट काढायला हात हलत नाही, तरी गरम होतंय हे तुम्ही विसरता. तर्जनी हवेत थांबते. आपल्याकडेच वळलीय, नाही? भाषण संपवून तो दाराकडे निघतो तेव्हा काही जण गुडघ्यांवर बसून त्याच्या कोटाचं चुंबन घेतात, आणि बाजूचा धट्टाकट्टा गृहस्थ डोळे पुसतोय.

त्या मार्चमध्ये ही अवाढव्य ज्यूरी त्याला 265 पैकी 208 जागा देते. आडनावावरून माणूस जोखू नये, हे तो आता कायद्यात घालू शकतो. 1960 चा हक्कांचा कायदा त्याचा, आणि फर्स्ट नेशन्सच्या आदिवासींना आपला दर्जा न सोडता संसदेसाठी मत मिळालं तेही त्याच वर्षी. पण बचाव करण्यात अजोड असलेल्या वकिलाला सत्तेत अशिलच उरत नाही. बेकारी, मंत्र्यांची भांडणं, प्रत्येक प्रश्नाला आरोपीच्या पिंजऱ्यात तो स्वतःच उभा. 1962 मध्ये 116 जागा, 1963 मध्ये 95, आणि खुर्ची गेली.

परतीची गाडी पकडण्याआधी प्रिन्स अल्बर्टला एक चक्कर टाका. वकील म्हणून त्याला ओळखणाऱ्या आणि उमेदवार म्हणून वारंवार पाडणाऱ्या याच शहराने 1953 पासून त्याला एकदाही हरवलं नाही. सगळ्या देशाने निकाल फिरवला तेव्हासुद्धा नाही. 1979 च्या मे महिन्यात तो त्र्याऐंशीव्या वर्षी तिथे पुन्हा निवडून आला आणि ऑगस्टमध्ये गेला, तेव्हाही तो त्यांचा खासदारच होता.