ऊती-जुळणी : अवयव प्रत्यारोपणापूर्वीची निर्णायक तपासणी

रक्तगट जुळला की मूत्रपिंड बसवता येते, असा रुग्णाच्या नातेवाइकांचा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात ती केवळ पहिली पायरी होय. त्यानंतर दाता व रुग्ण यांच्या ऊतींची तपासणी होते आणि अनेकदा निर्णय तेथेच फिरतो.

शरीरातील जवळजवळ प्रत्येक केंद्रकयुक्त पेशीवर ‘एचएलए’ नावाची प्रथिने असतात. आपले कोण आणि परके कोण, हे रोगप्रतिकार यंत्रणा याच खुणांवरून ओळखते. फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ डोसे यांनी १९५८ मध्ये यांपैकी पहिल्या प्रतिजनाचे वर्णन केले. या कार्यासाठी १९८० च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. या प्रथिनांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर लगत असल्याने सहसा एकगठ्ठा वारशाने येतात. म्हणून आईवडील आणि अपत्य यांची जुळणी निम्मी असते. सख्ख्या भावंडांत संपूर्ण जुळणीची शक्यता चारात एक, आणि काहीच न जुळण्याचीही तेवढीच.

मूत्रपिंडाच्या बाबतीत मात्र संपूर्ण जुळणी अनिवार्य नाही. प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांमुळे पती-पत्नींमधील प्रत्यारोपणेही यशस्वी होतात. खरा अडसर असतो तो रुग्णाच्या रक्तात आधीच तयार असलेल्या प्रतिपिंडांचा. ती शोधण्यासाठी रुग्णाचा रक्तद्रव दात्याच्या लसिका पेशींबरोबर तपासतात. हीच ‘क्रॉसमॅच’ चाचणी. पटेल व तेरासाकी या संशोधकांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, ही चाचणी प्रतिकूल असतानाही केलेल्या ३० प्रत्यारोपणांपैकी २४ मूत्रपिंडे तत्काळ निकामी झाली. चाचणी अनुकूल असलेल्या १९५ प्रत्यारोपणांत हे प्रमाण अवघे ८ होते.

अशी प्रतिपिंडे रक्त चढवल्याने, पूर्वीच्या प्रत्यारोपणाने किंवा गर्भारपणात निर्माण होतात. गर्भात पित्याकडून आलेल्या प्रथिनांचा अंश असतो आणि मातेचे शरीर तो परका मानू शकते. परिणामी मुले झालेल्या स्त्रीला मूत्रपिंडाची गरज भासते, तेव्हा पतीचे किंवा स्वतःच्या अपत्याचेच मूत्रपिंड तिला न चालण्याचा संभव वाढतो. घरात दाता तयार असूनही तिला थांबावे लागते.

अशा कुटुंबांसाठी भारतातील १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने वाट मोकळी केली. जवळचा नातेवाईक वैद्यकीयदृष्ट्या अनुरूप नसल्यास तशाच अडचणीतील दुसऱ्या कुटुंबाशी दात्यांची अदलाबदल करता येते.

यकृताच्या प्रत्यारोपणात एचएलए जुळणीला फारसे महत्त्व नसते. रक्तगट आणि अवयवाचा आकार पुरतो. याउलट अस्थिमज्जेसाठी शक्य तितकी पूर्ण जुळणी शोधली जाते, कारण तेथे दात्याच्या पेशीच रुग्णाच्या शरीरावर उलटू शकतात.

मेंदूमृत दात्याचे अवयव उपलब्ध झाल्यावर हाती मोजकेच तास असतात. त्यामुळे प्रतीक्षायादीतील रुग्णांच्या रक्तद्रवाचे नमुने प्रयोगशाळेत साठवून ठेवतात. मधल्या काळात रक्त चढवले गेले असल्यास जुना नमुना भरवशाचा राहत नाही. रुग्णाने ते प्रत्यारोपण केंद्राला कळवून नवा नमुना देणे आवश्यक असते.