आंबागडचे नाले

आंबागडचे नाले : भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील आंबागड डोंगररांगेतून वाहणारे हंगामी प्रवाह. तुमसरच्या वायव्येला मध्य प्रदेशच्या सीमेलगत असलेली ही रांग सातपुड्याचाच एक फाटा आहे. जवळून बावनथडी वाहते आणि पूर्वेला वैनगंगा. कोणत्याही उतारावरून निघाले तरी नाल्यांचे पाणी शेवटी वैनगंगेलाच जाते, तिथून प्राणहितेमार्गे गोदावरीला. आषाढ-श्रावणात हे नाले दुथडी भरून धावतात. होळीपर्यंत बहुतेकांच्या पात्रात रेती आणि गोटेच उरतात.

पाऊस इथे कमी पडत नाही. भंडारा जिल्ह्याचे वार्षिक सरासरी पर्जन्यमान १,३०० मिलिमीटरच्या आसपास आहे. मात्र त्यातला बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. खरी अडचण खडकाची. पश्चिम विदर्भातला काळा बेसाल्ट इथे नाही. इथे आहेत सौसर गटाचे प्राचीन, कठीण रूपांतरित खडक. त्यांच्यात पाणी मुरते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत, तेवढेच. हा उथळ साठा संपला की नालाही संपतो. याच खडकांत मँगनीज आहे. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी त्यावरच उभ्या राहिल्या, आणि तुमसर रोड ते तिरोडी हा लोहमार्गही मुख्यतः या खनिजासाठीच टाकला गेला. पाण्याबाबत हात आखडणारा हा डोंगर खनिजाबाबत उदार आहे.

रांगेतील एका टेकडीवर आंबागडचा किल्ला आहे. तो इ. स. १७०० च्या सुमारास राजाखान पठाण याने बांधला, असे सांगितले जाते. राजाखान हा देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचा सरदार. नागपूर शहर वसवणारा हाच बख्त बुलंद. पुढे देवगडचे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेले आणि रघुजी भोसल्यांच्या काळात या किल्ल्याचा तुरुंग झाला. बंद्यांना आतल्या विहिरीचे विषारी पाणी पाजून मारीत, अशी आख्यायिका आहे. ती खरी मानायला लेखी पुरावा हवा. पण नाले आटल्यावर गडावर कोंडलेल्या माणसाला जे साचलेले, कुजके पाणी प्यावे लागले असेल, त्यात वेगळे विष कालवण्याची गरज पडली नसावी. डोंगरी किल्ल्याची खरी ताकद त्याच्या पाण्यात असते आणि आंबागडची तीच बाजू लंगडी असावी.

याच डोंगरात गायमुख हे महादेवाचे स्थान आहे. इथे झऱ्याचे पाणी गाईच्या मुखातून पडते, म्हणून हे नाव. महाशिवरात्रीला यात्रा भरते, ती नेमकी नाले आटत आल्यावर. पंचक्रोशीतले भाविक याला लहान महादेव मानतात. मोठा महादेव पचमढीचा. जिथे आजूबाजूचे प्रवाह कोरडे पडतात तिथे झरा देवाच्या नावाने राखला जावा, यात नवल नाही.

या मुलखाचा मोठा वारसा मात्र गडावर नाही, पायथ्याच्या सखल भागात आहे. डोंगरावरून उतरणारे पाणी पाळ घालून अडवायचे, बोडीत (लहान तळ्यात) किंवा तलावात साठवायचे आणि तुडुमातून, म्हणजे पाळीतल्या मोरीतून, धानाच्या बांध्यांना सोडायचे, ही भंडाऱ्याची जुनी रीत. जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते तिच्यामुळेच. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचे नाव आदराने घेतले जाते, तर तलावांतली मासेमारी ढिवर समाजाकडे. परे (रोपांसाठी बी) टाकण्यापासून रोवणीपर्यंत पाऊस वेळेवर आला तरी धान निसवताना तो दडी मारतो. त्या वेळी पीक तारतो तो हा साठा. पाण्याची वाटणी, पाळीची डागडुजी, गाळ उपसणे ही कामे मालगुजार (सारा वसूल करणारा गावाचा जमीनमालक) आणि गाव मिळून करीत. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. लहान तलाव नंतर जिल्हा परिषदेकडे आले. माजी मालगुजारी, म्हणजेच ‘मामा’ तलाव, ही कागदोपत्री ओळख तेव्हापासूनची. मालकी बदलली, पण गाळ काढण्याची जबाबदारी नक्की कोणाची हे गावपातळीवर संदिग्धच राहिले. गाळाने उथळ झालेला तलाव पहिल्या मोठ्या सरीत भरतो आणि उरलेले पाणी सांडव्यावरून निघून जाते. म्हणजे नाल्याची गत तलावालाही येते.

बावनथडीवर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या संयुक्त प्रकल्पातून राजीव सागर धरण झाले. त्याच्या कालव्यांचा लाभ तुमसर व मोहाडी तालुक्यांतील शेतीला मिळतो. चढावरच्या शेतांना मात्र कालव्याचे पाणी आपसूक चढत नाही. तिथे आजही नाला, बोडी आणि विहीर यांवरच शेती चालते.

गड आणि नाले दोन्ही पाहायचे असतील त्यांनी पाऊस ओसरल्यावर, आश्विन-कार्तिकात यावे. तेव्हा वाट कोरडी असते आणि पाणीही अजून वाहते असते.