डिकीतली वीट

गेल्या दिवाळीत चाळीसगावहून परतताना कन्नडच्या घाटात ट्रॅफिक तुंबलं. चढावर गाडी उभी, मागे लक्झरी बस. हँडब्रेक ओढला, दांडा पार वर आला. पाय ब्रेकवरून काढला आणि गाडी मागे सरकायला लागली. मागच्या सीटवर आजी होती. चुलतभावाने उडी मारून चाकामागे दगड ठेवला. दोनच महिन्यांपूर्वी शहरातल्या एका गॅरेजने हँडब्रेक ‘टाइट करून’ दिला होता.

दगड हा तसा सगळ्यात जुना पार्किंग ब्रेक. घोडागाड्यांना पुढे लाकडी ठोकळा आला, तो थेट चाकाच्या धावेवर दाबायचा. 1888 मध्ये बर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली, तेव्हा उतारांवर हे ठोकळे झिजले. तिने वाटेत मोच्याकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. आजच्या ब्रेक लायनरची गोष्ट बहुतेक जण इथूनच सुरू करतात. त्याच वर्षी डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, आणि ठोकळ्याचे दिवस भरले. रबरावर ठोकळा घासून कसं चालेल?

मग ब्रेक टायरवरून हटून चाकाशेजारच्या ड्रमवर गेला. आधी ड्रमला बाहेरून पट्टा आवळायचे. त्यात चिखल, पाणी शिरायचं. शिवाय पुढे जाताना जो पट्टा घट्ट व्हायचा, तोच गाडी चढावर मागे घसरली की सैल पडायचा. म्हणजे नेमकी माझी घाटातली अवस्था! 1902 मध्ये लुई रेनोने शू ड्रमच्या आत बसवले. ते बाहेरच्या दिशेने उघडतात आणि फिरता ड्रम पुढच्या शूला आणखी ओढून घेतो. पायाचा थोडा जोर पुरतो.

याची किंमत अशी, की लायनर झिजलं की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं. डिस्क ब्रेकचं पॅड झिजेल तसं आपोआप पुढे सरकतं. ड्रममध्ये मात्र स्प्रिंग शूंना दरवेळी जुन्या जागी ओढून नेते. म्हणून कुणीतरी पाना घेऊन गाडीखाली शिरायचं आणि अंतर कमी करायचं. 1921 च्या ड्यूसेनबर्गमध्ये चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले, तरी हे काम सुटलं नाही. आणि तेल गळालं तर गाडी थांबावी म्हणून हँडब्रेक वायरीवरच राहिला.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीला चारही चाकांना ड्रम होते. नंतरच्या गाड्यांत पुढे डिस्क आल्या, मागच्या ड्रममध्ये अंतर स्वतःच भरून काढणारं दातेरी चाक आलं. अंतर वाढलं की ते एक दात पुढे सरकतं. सोय झाली, आणि मागचे शू सगळेच विसरले.

कुंभार पिंपळगावात आमच्या काकांनी एकेकाळी जीप चालवली आहे. जुन्या विलिज जीपचा हँडब्रेक चाकांत नसायचाच, तो गिअरबॉक्समागे शाफ्टवर असायचा. त्यांना मी घाटातला प्रकार सांगितला.

“वायर ताणून काय व्हतंय? आधी शू बघ ना.”

पुढच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक सोडला, जॅकवर घेऊन मागचा ड्रम काढला. आतली धूळ मी फुंकणार, तेवढ्यात काकांनी हात धरला. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसलं. लायनर शाबूत होतं, दातेरी चाक मात्र गंजून जाम. त्यात वायर इतकी ताणलेली, की तिने ओढला जाणारा आतला दांडा मूळ जागी येतच नव्हता. दांडा जागेवर आला नाही, तर ते चाक नीट काम करू शकत नाही. गॅरेजवाल्याने दुखणं झाकलं होतं आणि वाढवलंही होतं.

आम्ही वायर पूर्ण सैल केली. दातेरी चाक साफ करून, ड्रम फिरवताना किंचित घासेल इतपत फिरवलं. पेडल चार-पाचदा दाबून शू मध्यावर बसवले. दुसऱ्या चाकालाही तेच. वायर सगळ्यात शेवटी. आता सहाव्या खटक्याला मागची दोन्ही चाकं जाम होतात, आणि सोडल्यावर मोकळी फिरतात.

गाव सपाट, तिथे हा हँडब्रेक कुणी ओढत नाही. गाडी गिअरमध्ये टाकली की झालं. निघताना आजीने तरी एक वीट डिकीत ठेवायला लावलीच.