विद्यापीठांच्या आर्थिक मूल्याचे मापन

विद्यापीठे व महाविद्यालये यांच्यामुळे व्यक्तीच्या, परिसराच्या आणि देशाच्या उत्पन्नात पडणारी भर मोजण्याच्या पद्धती. १९७१ साली अमेरिकेत जॉन कॅफ्री व हर्बर्ट आयझॅक्स यांनी मांडलेली पद्धत खर्चावर बेतलेली आहे. संस्थेने दिलेले पगार, तिची खरेदी, विद्यार्थ्यांचे घरभाडे आणि खाणावळीचा खर्च यांची बेरीज करून, हा पैसा स्थानिक बाजारपेठेत पुन्हा पुन्हा फिरतो म्हणून, तिला गुणकाने गुणले जाते. आकडा भरघोस येतो. पण तेवढाच पैसा कारखान्यात ओतला असता, तरी तो गावच्या बाजारपेठेत असाच फिरला असता. विद्यापीठ नसते तर जे घडलेच नसते, त्यावरच त्याचे मूल्य ठरायला हवे.

थिओडोर शुल्ट्झ (१९६१) व गॅरी बेकर (१९६४) यांच्या मानवी भांडवलाच्या सिद्धान्ताने हिशेबाचा रोख शिक्षणाच्या फळाकडे वळवला. शुल्क आणि शिकताना बुडालेली कमाई एका बाजूस, पुढे मिळणारे जादा वेतन दुसऱ्या बाजूस, आणि त्यांवरून परताव्याचा दर. मात्र हुशार मुले शिकली नसती तरी जास्त कमावतीच, हा आक्षेप उरतो. तो तपासण्यासाठी डेव्हिड कार्ड यांनी १९९५ मध्ये महाविद्यालयाजवळ वाढलेल्या आणि दूर वाढलेल्या मुलांची तुलना केली. तीत परताव्याचा अंदाज घटला नाही, उलट वाढला. मायकेल स्पेन्स यांचा आक्षेप (१९७३) अधिक खोल आहे : पदवीने कौशल्य वाढतेच असे नाही, ती मालकाला दिलेली नुसती खूण असू शकते. तसे असते, तर एकाची नोकरी दुसऱ्याच्या वाट्यातून आली असती आणि प्रदेशाचे एकूण उत्पन्न जागेवरच राहिले असते. अर्थशास्त्रज्ञ व्हालेरो व व्हॅन रीनन यांनी ७८ देशांतील १९५० ते २०१० या काळाची आकडेवारी तपासली. लोकसंख्येच्या प्रमाणात विद्यापीठे १० टक्के वाढलेल्या प्रदेशांत दरडोई उत्पन्न पुढे सुमारे ०.४ टक्के अधिक आढळले. केवळ विद्यापीठांच्या खर्चाने या वाढीचा उलगडा होत नाही. हा संबंध म्हणजे कार्यकारणाचा पक्का पुरावा नव्हे, तरी पदवी निव्वळ खूण असल्याच्या मताला तो छेद देतो.

वेतनाच्या मोजपट्टीतून ज्ञानाचा प्रसारही निसटतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेल्या ‘भगवा’ या डाळिंबाच्या वाणाचा लाभ विद्यापीठाची पायरी कधीही न चढलेल्या बागायतदारालाही मिळतो. पदवीधरांच्या पगारावरून संस्थेची किंमत ठरवणाऱ्या हिशेबात तो बागायतदार कुठेच नसतो.