मित्रदेशावर बॉम्ब: १९४४चा रेल्वेचा वाद

१/ १९४४चा वसंत. नॉर्मंडीत सैन्य उतरवण्याची दोस्त राष्ट्रांची तयारी चालू होती. किनाऱ्यावर उतरणे कठीण होतेच, पण तिथे टिकाव धरणे त्याहून कठीण. जर्मनांच्या राखीव तुकड्या रेल्वेने वेगाने येऊन पोहोचल्या, तर सारी मोहीमच समुद्रात ढकलली जाण्याची भीती होती.

२/ शास्त्रज्ञ सॉली झुकरमन यांनी उपाय सुचवला: फ्रान्स व बेल्जियममधील सत्तरहून अधिक रेल्वे केंद्रे बॉम्बफेकीने निकामी करावीत. सरसेनापती आयझेनहॉवर यांचे उपप्रमुख टेडर यांनी ही योजना उचलून धरली. अमेरिकी बॉम्बर दलाचे प्रमुख स्पाट्झ यांचा आग्रह मात्र जर्मनीच्या तेल कारखान्यांवर हल्ले करण्याचा होता. २५ मार्चच्या बैठकीत आयझेनहॉवर यांनी रेल्वेच्या बाजूने कौल दिला.

३/ इथवर प्रश्न लष्करी होता. परंतु रेल्वे यार्डांभोवती दाट वस्ती होती आणि ती वस्ती फ्रेंचांची होती. ज्यांना मुक्त करायचे, त्यांच्याच घरांवर बॉम्ब पडणार होते.

४/ ३ एप्रिलला चर्चिल यांनी आयझेनहॉवर यांना पत्र लिहून ब्रिटिश मंत्रिमंडळाची चिंता कळवली. त्या चिंतेत करुणा होती, तसा राजकीय हिशेबही होता. युद्धानंतर फ्रान्स मित्र म्हणून हवा होता.

५/ भीती निराधार नव्हती. ९ एप्रिलच्या रात्री लील शहराजवळ चारशेहून अधिक, तर २० एप्रिलच्या रात्री पॅरिसच्या ला शापेल भागात सहाशेहून अधिक नागरिक मारले गेले. अखेर चर्चिल यांनी मर्यादा सुचवली: फ्रेंच मृतांचा एकूण आकडा १०,०००च्या आत राहावा.

६/ फ्रेंचांचे मत विचारले गेले ते लंडनमधील त्यांचे सेनानी कोनिग यांना. युद्धात माणसे मरणारच, मुक्तीसाठी फ्रान्स ही किंमत मोजेल, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. ज्यांच्या घरांशेजारी रूळ होते, त्यांना कोणी विचारले नाही. विचारणे शक्यही नव्हते.

७/ ७ मे रोजी चर्चिल यांनी रूझवेल्ट यांच्याकडे दाद मागितली. चारच दिवसांत उत्तर आले: जबाबदार सेनापतींच्या कारवाईवर इतक्या दुरून निर्बंध घालण्याची अध्यक्षांची तयारी नव्हती. वरवर पाहता हा निर्णय सेनापतींवर सोपवणे होते. प्रत्यक्षात वाद तिथेच संपला आणि हल्ले चालू राहिले. हस्तक्षेप नाकारणे हाच रूझवेल्ट यांचा राजकीय निर्णय ठरला.

८/ योजना लष्करी दृष्टीने यशस्वी झाली. उत्तर फ्रान्सची रेल्वे वाहतूक कोलमडली आणि जर्मन कुमक नॉर्मंडीत रखडत पोहोचली.

९/ या वादाचे खरे महत्त्व तुलनेत दिसते. फेब्रुवारी १९४२च्या आदेशानुसार ब्रिटिश बॉम्बर दलाचे मुख्य लक्ष्य जर्मन नागरिकांचे, विशेषतः औद्योगिक कामगारांचे, मनोधैर्य हे होते. त्या मृतांसाठी १०,०००ची मर्यादा कोणी आखली नाही. विमाने तीच, बॉम्ब तेच आणि पंतप्रधानही तेच. कोणाचे मृत्यू मोजायचे, हे मात्र उद्याचा मित्र कोण, यावर ठरत होते.